आखाडातली डाळ फेब्रुवारीत घ्या : महिला बचत गटांना खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष आणि सर्व सदस्य ताई,
महिला बचत गट व ग्रामसंघ, मराठवाडा आणि विदर्भ

सप्रेम नमस्कार.

गटाच्या बैठकीत बचत जमा होते, कर्जाची मागणी येते, परतफेड लिहिली जाते, बँकेच्या हप्त्यावर बोलणं होतं. पण जून ते ऑगस्ट या तीन महिन्यांत सदस्यांच्या घरात काय शिजतं, हे इतिवृत्तात कधी येत नाही. पेरणीला बी-खत घेतलेलं असतं, शाळेच्या वह्या-पुस्तकांचा खर्च झालेला असतो आणि मूग-उडीद हाती यायला अजून वेळ असतो. या दिवसांत चूल पेटते, भाकरीही होते. वरण मात्र पातळ होत जातं आणि काही घरांत आठवड्यातून दोनदाच लागतं. ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न म्हणून आपण तो सोडून देतो. आमच्या मते हा प्रश्न गटाचा आहे, कारण तो सोडवायला लागणारा पैसा आणि माणसं दोन्ही गटाकडेच आहेत.

आमची मागणी एकच आहे. येत्या फेब्रुवारीत गटानं मार्च ते ऑगस्ट या सहा महिन्यांची तूरडाळ आणि हरभरा एकत्र घ्यावा आणि प्रत्येक सदस्याच्या कोठीत पोचवावा. किती घ्यायचं, पैसा कसा उभा करायचा आणि काम कुठे फसतं, ते सविस्तर लिहितो आहोत.

आधी रेशनचं बघू. प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो म्हणजे चौघांना २० किलो धान्य मिळतं, अंत्योदय कार्डाला ३५ किलो. जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. चौघांच्या घराला महिन्याला ३० ते ३५ किलो धान्य लागतं असं धरलं, तरी निम्म्याहून जास्त गहू-तांदूळ घरात आलेला असतो. म्हणजे किराण्याचा खरा ताण धान्याचा नाही. तो डाळ, तेल, शेंगदाणे, भाजी, अंडी आणि दूध यांचा आहे. पैसा कमी पडला की कात्री यांनाच लागते, कारण भाकरी कमी करता येत नाही. पोट भरतं, पण वाढत्या मुलाला, गरोदर बाईला आणि दिवसभर निंदणी-खुरपणी करणाऱ्या बाईला जे लागतं ते ताटात येत नाही.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ साली दिलेल्या मार्गदर्शनात दोन हजार कॅलरीच्या आहारात दिवसाला ८५ ग्रॅम डाळी-कडधान्यं सांगितली आहेत. दोन मोठी माणसं आणि दोन मुलं असलेल्या घराला हे प्रमाण दिवसाला २४० ते ३०० ग्रॅमपर्यंत जातं. वजनाच्या भाषेत हे लक्षात राहत नाही, म्हणून वाटीत सांगतो. १५० मिली पाणी मावणाऱ्या वाटीत साधारण १२० ग्रॅम कोरडी डाळ बसते. चौघांच्या घरात दिवसाला अशा दोन वाट्या, एक सकाळी आणि एक संध्याकाळी, शिजल्या पाहिजेत. महिन्याचे ७ किलो झाले. यातली ३ किलो तूरडाळ, २ किलो हरभरा किंवा त्याची डाळ आणि उरलेले २ किलो मूग, मटकी, मसूर, सोयाबीन असे फिरते ठेवा. एकच वाटी डाळ दोन वेळा पुरवली, तर ते वरण दिसायला वरण असलं तरी माणशी वाट्याला तीस ग्रॅमच येते.

आता पैशाचा हिशोब. किलोच्या भावावरून स्वस्त-महाग ठरवलं तर फसगत होते. दहा ग्रॅम प्रथिनं किती रुपयांत मिळतात, ते बघा. तूरडाळ ४५ ग्रॅम, हरभरा ५० ग्रॅम, शेंगदाणे ४० ग्रॅम, सोयाबीन २७-२८ ग्रॅम, अंडी दीड, दूध ३०० मिली. एवढ्यात साधारण दहा ग्रॅम प्रथिनं येतात. डाळ १४० रुपये किलो असेल तर हे सव्वासहा रुपयांना पडतं. हरभरा ८० रुपये असेल तर चार रुपयांना, शेंगदाणे १३० असतील तर सव्वापाच रुपयांना, सोयाबीन ५५ असेल तर दीड रुपयाला, अंडं सात रुपयांचं असेल तर साडेदहाला आणि दूध लिटरला पन्नास असेल तर पंधराला. तुमच्या गावचे भाव वेगळे असतील. किलोच्या भावाला वरच्या ग्रॅमनी गुणा, हजारानं भागा, आकडा मिळेल. सहावी-सातवीतल्या मुलीला पुढच्या बैठकीत हा हिशोब फळ्यावर मांडायला सांगा. ग्लुकोज बिस्किटात शंभर ग्रॅममागे सातच्या आसपास प्रथिनं आणि पंचवीस ग्रॅमच्या घरात साखर असते. पाचाचा पुडा स्वस्त वाटतो, पण दहा ग्रॅम प्रथिनांसाठी असे अडीच-तीन पुडे लागतात. तो पैसा फुटाण्यांवर गेला तर मुलाच्या पोटात जास्त काम होतं.

दूध आणि अंडं महाग पडतात, म्हणून ती बंद करा असं आम्ही म्हणत नाही. पाच वर्षांखालच्या मुलाला आणि गरोदर-स्तनदा बाईला त्यातून जे मिळतं ते डाळीतून पूर्ण मिळत नाही. बी-१२ जीवनसत्त्व तर डाळीत नसतंच. घरात मोजकीच अंडी येत असतील तर ती आधी त्यांच्या ताटात पडावीत, एवढा नियम पाळला तरी खूप झालं.

एकत्र खरेदीत डाळ किती स्वस्त पडते, ते बारा सदस्यांच्या गटाचं उदाहरण घेऊन पाहू. घरटी महिन्याला ३ किलो, सहा महिन्यांचे १८ किलो, बारा घरांचे २१६ किलो तूरडाळ. शंभर किलो तुरीतून चांगल्या गिरणीत सत्तर किलोच्या आसपास डाळ पडते, म्हणजे साधारण ३१० किलो तूर लागेल. २०२५-२६ च्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला ८००० रुपये होता, तोच धरू. त्यात भरडाई क्विंटलला ६०० रुपये, भाडं, हमाली आणि बारदाना मिळून ३०० रुपये मिळवा. क्विंटल ८९०० ला पडली. चुनी, टरफल आणि कणी तुमची आहे, ती गिरणीवाल्याकडे सोडू नका. जनावरांसाठी विकली तर क्विंटलमागे चारशे रुपये परत येतात. मग डाळ किलोला १२१-१२२ रुपयांना पडते. गटातल्या गटात महिना एक टक्का व्याजानं कर्ज घेऊन चार हप्त्यांत फेडलं, तर व्याजाचे किलोमागे तीन-सव्वातीन रुपये होतात. साठवणुकीतली घट दोन रुपये धरा. १२७ झाले.

तालुक्याच्या दुकानात तशीच डाळ १४० ला असेल तर घरटी सहा महिन्यांत २३० रुपये वाचतात. हा आकडा लहान आहे, आणि तो फुगवून सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. पण ज्या घरात रोजच्या मजुरीतून रोजचा किराणा येतो, तिथे डाळ किलोनं घेतली जात नाही. वीस रुपयांच्या पुडीत सव्वाशे ग्रॅम मिळते आणि ती १६० रुपये किलो पडते. या घराचे सहा महिन्यांत सहाशे रुपयांच्या आसपास वाचतात. जो सर्वांत कमी पैशात जगतो तोच सर्वांत महाग डाळ खातो आणि गटाच्या खरेदीचा सर्वांत जास्त उपयोग त्यालाच होतो. त्याहून मोठा फायदा असा, की जुलैत हातात पैसा नसला तरी डाळ कोठीत असते, वाटी भरून शिजवता येते.

भाव चढतील, मग नफा होईल, या आशेनं वर्षाची डाळ भरू नका. तुरीची आयात २०२१ पासून खुली झाली आणि मोझांबिक, म्यानमारहून माल आला की इथले भाव पडतात. सहा महिन्यांच्या साठ्यात हा धोका सोसता येतो. बाराच्या साठ्यात भाव पडला तर सदस्य म्हणतात, दुकानात स्वस्त मिळते, गटाची नको. आणि मग हिशोबावरून भांडणं होतात.

हप्ते फेब्रुवारीअखेर ते मेअखेर असे चारच ठेवा. तूरडाळीचं घरटी कर्ज साधारण २३०० रुपये होतं, मुद्दलाचा हप्ता ५७५ रुपये. डाळ मार्चपासून खायला सुरू झाली की दुकानात जाणारे चारशे-सव्वाचारशे रुपये वाचतात, ते हप्त्यातच जातात. वर दीडशे-पावणेदोनशेची भर घालावी लागते. या दिवसांत तुरीचा, हरभऱ्याचा पैसा किंवा काढणीची मजुरी हातात असते. जून उजाडतो तेव्हा डाळीचं कर्ज फिटलेलं असतं. हप्ते ऑगस्टपर्यंत लांबवले तर पेरणीच्या महिन्यांत ते थकतात, आणि थकबाकी दिसली की गट पुढच्या वर्षी असली खरेदीच करत नाही.

गटाची शिल्लक कमी असेल तर ग्रामसंघाकडे, म्हणजे गावातल्या गटांच्या संघाकडे जा. उमेदमधून, म्हणजे राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानातून ग्रामसंघाला मिळणारा जोखीम प्रवणता निधी अन्नाची अडचण आणि आजारपण अशाच प्रसंगांसाठी असतो. ज्या घरांना ५७५ रुपयांचा हप्ता झेपणार नाही, म्हणजे एकटी बाई, आजारी कर्ता, भूमिहीन म्हातारा-म्हातारी, त्यांची यादी ग्रामसंघानं करावी आणि त्यांना या निधीतून बिनव्याजी किंवा लांब मुदतीचं कर्ज द्यावं. ही यादी भर बैठकीत नावं वाचून करू नका. गटाच्या दोन ताईंनी घरी जाऊन विचारावं.

ज्या सदस्यांच्या शेतात तूर आहे त्यांना वेगळं सांगायचं आहे. जानेवारीत सगळी तूर व्यापाऱ्याला घालायची आणि जूनमध्ये त्याच तुरीची डाळ पुडीनं आणायची, हे थांबवा. वर्षाला ३६ किलो डाळ लागत असेल तर ५०-५२ किलो तूर मागे ठेवली की झालं. अर्धा क्विंटल. घरातल्या पुरुषांशी हे बोलणं मळणी होण्याआधी करा, पोती गाडीत चढल्यावर त्याचा उपयोग नाही. गटानं तूर अशा सदस्यांकडूनच बाजारभावानं घेतली तर दलाली वाचते आणि माल कोणाच्या शेतातला आहे ते माहीत असतं.

खरेदीला तीन जणी नेमा : एक माल तपासणारी, एक वजन बघणारी, एक पैसे देऊन पावती घेणारी. तिन्ही कामं एकीकडे देऊ नका. संशयाला जागा राहते आणि चांगल्या बाईचं नाव खराब होतं. एकाच जातीची तूर घ्या, बीडीएन ७११ घेतली तर सगळी तीच, लाल बीएसएमआर ७३६ घेतली तर सगळी तीच. लहान-मोठा दाणा मिसळला की गिरणीत लहान दाण्याचं टरफल निघत नाही, मोठ्याचा चुरा होतो आणि सत्तरऐवजी साठच किलो डाळ हाती येते. पोत्यात वर, मध्ये आणि तळाशी हात घालून तीन मुठी काढा, ताटात पसरा. दाण्यावर गोल भोक दिसलं तर आत भुंगेरा होऊन गेलेला आहे. पांढरा ठिपका चिकटलेला दिसला तर ते अंडं आहे. दाणा दाताखाली धरा : कट् आवाज करून फुटला तर वाळलेला आहे, दबला तर ओल आहे. ओला माल स्वस्तात मिळाला तरी तो महागच पडतो, वाळवल्यावर वजन घटतं. वजन करताना रिकामं पोतं आधी काट्यावर ठेवा. ज्यूटचं पोतं अर्ध्या किलोच्या वर भरतं आणि दहा पोत्यांत पाच-सहा किलोंचा फरक पडतो.

भरडायला द्यायच्या आधी गिरणीवाल्याला दोन गोष्टी स्पष्ट सांगा. डाळीला तेल-पाणी मारून चकाकी आणायची नाही. आणि आपला माल आपल्यासमोर, दुसऱ्याच्या मालात न मिसळता भरडायचा. पहिल्यांदा फक्त दहा किलो तूर भरडून डाळ किती पडते ते मोजा. साडेसहा किलोच्या खाली आली तर गिरणी बदला किंवा तूर आणखी एक दिवस उन्हात घाला, कारण ओलसर तुरीचं साल डाळीला धरून बसतं. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची पीकेव्ही मिनी डाळ मिल विदर्भात बऱ्याच ठिकाणी आहे, जवळ असेल तर तिथे चौकशी करा. स्वतःची मिल घ्यायचा विचार मात्र दोन-तीन हंगाम खरेदी नीट पार पडल्यावरच करा. अनुदान मिळतंय म्हणून आधी यंत्र घेतलं की गट यंत्राचे हप्ते फेडत बसतो, घरातलं वरण पातळ ते पातळच राहतं.

तूर अख्खी साठवण्यापेक्षा डाळ करून साठवा. कडधान्यातला भुंगेरा अख्ख्या दाण्याच्या सालीवर अंडी घालतो. साल गेलेल्या, दुभागलेल्या डाळीवर त्याची वाढ फारशी होत नाही. ही कीड घरात नंतर शिरते असं वाटतं, पण पुष्कळदा ती शेतातल्या शेंगेपासूनच दाण्यात आलेली असते. गरम दिवसांत महिनाभरात एक पिढी तयार होते, म्हणून मार्चमध्ये स्वच्छ दिसलेल्या हरभऱ्यात मेअखेर भोकंच भोकं दिसतात.

एप्रिलच्या कडक उन्हात डाळ आणि हरभरा ताडपत्रीवर पसरा, थर दोन बोटांपेक्षा जाड नको. सकाळी दहा ते चार, दोन दिवस. दर तासाला हात फिरवा. आणि आता जी चूक सर्वांत जास्त होते ती : संध्याकाळी गरम डाळ उचलून तशीच पिंपात भरली जाते. आत वाफ धरते, झाकणाला पाणी सुटतं, आठ-पंधरा दिवसांत वरचा थर बुरसतो. डाळ घरात आणून रात्रभर सुती कापडावर पसरून ठेवा, पहाटे हाताला गार लागली की भरा.

हरभरा, मूग, मटकी ही अख्खी कडधान्यं भरण्याआधी त्यांना तेल चोळा, किलोला एक चहाचा चमचा म्हणजे ५ मिली खाद्यतेल. दहा किलोंना दहा चमचे. दाण्यावर तेलाचा पातळ थर बसला की अंड्याला हवा मिळत नाही, अंडी मरतात आणि भुंगेऱ्याला नवीन चिकटवता येत नाहीत. तेल सगळ्या दाण्यांना लागलं पाहिजे, म्हणून दोन-दोन किलो परातीत घेऊन दोन्ही हातांनी चोळा. पोत्यावर वरून तेल ओतून उपयोग होत नाही. अर्धवट लागलं तर कीड बिनतेलाच्या दाण्यावर जाते.

डबा काठोकाठ भरा. डबा अर्धा रिकामा राहिला तर किडीला अर्धा डबाभर हवा मिळते. एका मोठ्या पिंपापेक्षा पाच-पाच किलोंचे चार डबे बरे, कारण रोज उघडायचा तो एकच असतो, बाकी बंद राहतात. डबा थेट जमिनीवर आणि भिंतीला टेकवून ठेवू नका, पावसाळ्यात फरशी आणि भिंत दोन्ही ओल देतात. खाली फळी घाला, भिंतीपासून वीतभर अंतर सोडा. सावलीत वाळवलेला कडुनिंबाचा पाला थरांमध्ये टाकायला हरकत नाही, पण ओला पाला टाकला तर तोच बुरशी आणतो.

धान्यात टाकायच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या राहत्या घरात कधीही वापरू नका. हवेतल्या ओलाव्यानं त्यातून फॉस्फिन वायू सुटतो आणि बंद खोलीत झोपलेली माणसं त्यानं दगावतात. गटाचा साठा एका खोलीत ठेवणार असाल तर ही गोष्ट ठरावात लिहून ठेवा. आमचं मत, साठा एका जागी ठेवूच नका; भरडाई झाली की त्याच दिवशी घरोघर वाटून टाका. राखण, उंदीर आणि संशय तिन्ही टळतात.

कोठीत डाळ आली तरी ती शिजत नाही म्हणून पडून राहते, हेही मराठवाड्यात सारखं दिसतं. बोअरचं जड पाणी हे त्याचं कारण. पाण्यातले क्षार डाळीचा दाणा घट्ट करतात, डाळ तासभर उकळूनही कणी राहते, गॅस जातो आणि घरात भांडण होतं. उपाय सोपे आहेत. डाळ धुऊन अर्धा तास भिजत घाला, हरभरा आठ तास. शिजवण्यापुरतं, दोन वाट्यांना सहा वाट्या, पावसाचं साठवलेलं किंवा नळाचं गोडं पाणी वापरा. बाकी फोडणीनंतर बोअरचं चालेल. चिंच, टोमॅटो, आमसूल डाळ शिजल्यावरच घाला, आंबटानं डाळ नीट शिजत नाही. खाण्याचा सोडा टाकला की डाळ लवकर शिजते हे खरं, पण बी-१ जीवनसत्त्व त्यात नासतं. इलाजच नसेल तर चिमूटभर, चमचा नाही. जुनी, दोन पावसाळे पाहिलेली डाळ या कशानंच नीट शिजत नाही, म्हणून साठा सहा महिन्यांत संपवायचा.

सोयाबीन आपल्याच शेतात पिकतं आणि आपल्या घरात फारसं खाल्लं जात नाही. प्रथिनं सर्वांत स्वस्त त्यातच आहेत, पण ते कच्चं दळून पिठात मिसळलं तर पोट फुगतं, पचत नाही, पिठाला वास येतो. पद्धत अशी : तीन लिटर पाण्याला खळखळून उकळी येऊ द्या, मग त्यात एक किलो निवडलेलं कोरडं सोयाबीन सोडा. थंड पाण्यात भिजवून ठेवू नका, वास त्यानंच धरतो. पंचवीस मिनिटं उकळा, पाणी ओतून द्या, उन्हात दोन दिवस कडकडीत वाळवा. नऊ किलो गहू किंवा ज्वारीला एक किलो हे सोयाबीन घालून दळून आणा. पोळी-भाकरीची चव बदलत नाही. पीठ पंधरा दिवसांपुरतंच दळा, सोयाबीनमधल्या तेलानं ते लवकर खवट होतं. बियाण्याचं उरलेलं, औषध चोळलेलं, गुलाबी-लाल रंगाचं सोयाबीन कितीही धुतलं तरी खायचं नाही, कोंबड्यांनाही घालायचं नाही.

शेंगदाणे शेंगा म्हणूनच घ्या, लागतील तसे फोडा. शंभर किलो शेंगांतून पासष्ट-सत्तर किलो दाणे निघतात. सुरकुतलेला, काळा किंवा हिरवट बुरशी आलेला, चावल्यावर कडू लागणारा दाणा फेकून द्या. त्या बुरशीचं विष भाजूनही पूर्ण जात नाही, आणि कूट केल्यावर तर ओळखूही येत नाही.

ऊसतोडीला जाणाऱ्या सदस्यांचा हंगाम वेगळा. दिवाळीनंतर टोळी निघते आणि कोपीवर, म्हणजे तोडणीच्या ठिकाणच्या तात्पुरत्या झोपडीत, तीन दगडांच्या चुलीवर स्वयंपाक होतो, पहाटे फडात जायचं असतं. तूरडाळ तिथे शिजत बसायला वेळ नसतो. त्यांच्यासाठी गटानं सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मूग घ्यावा आणि मूगडाळ करून बरोबर द्यावी. ती न भिजवता वीस मिनिटांत शिजते, लाकूड कमी लागतं, तांदळात घालून खिचडी होते. चार माणसांच्या कोपीला पाच महिन्यांना १५ किलो मूगडाळ, ५ किलो फुटाणे आणि ५ किलो शेंगा, एवढं सामान टोळीबरोबर गेलं तर मुलांचे ते महिने निव्वळ भाकरी-चटणीवर जाणार नाहीत. हप्ता उचलीतूनच वळता करून घ्या.

तेलाचं थोडक्यात. चौघांना महिन्याला अडीच ते तीन लिटर पुरतं. एक लिटर तेल म्हणजे ९१० ग्रॅम. बाजारात साडेसातशे-साडेआठशे ग्रॅमची पाकिटं लिटरसारखीच दिसतात. पाकिटावर एकक विक्री किंमत छापलेली असते, तीच वाचा.

तांदळाबद्दल एक गैरसमज गटांनीच दूर करायला हवा. गेल्या काही वर्षांत रेशनच्या तांदळात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ घातलेले दाणे मिसळले गेले, शंभर किलोला एक किलो या प्रमाणात. ते थोडे वेगळ्या रंगाचे दिसतात, पाण्यावर तरंगतात, म्हणून प्लास्टिकचा तांदूळ समजून निवडून टाकले जातात. ते तांदळाच्याच पिठाचे असतात. तांदूळ एकदाच हलक्या हातानं धुवा आणि जास्तीचं पाणी ओतून देण्यापेक्षा भात आटवून करा. जेवणाबरोबर किंवा लगेच नंतर चहा घेतला तर अन्नातलं लोह कमी अंगी लागतं; तासाभराचं अंतर ठेवा आणि वरणावर लिंबू पिळा. परसबागेत शेवगा आणि लिंबू ही दोन झाडं असलीच पाहिजेत, बाकी वाफे पाण्याप्रमाणे.

जानेवारीच्या बैठकीत इतिवृत्तात पुढील गोष्टी लिहून ठराव घ्यावा : कोणत्या घराला किती तूरडाळ आणि किती हरभरा, गटातल्या कोणाची तूर विकत मिळणार आणि भाव कोणत्या दिवसाचा धरायचा, तपासणी, वजन आणि पैसे या तीन कामांची नावं, भरडाईची गिरणी आणि दहा किलोंच्या चाचणीचा निकाल लिहायला मोकळी जागा, चार हप्त्यांच्या तारखा, हप्ता न झेपणाऱ्या घरांना भेटायला जाणाऱ्या दोघींची नावं. मेच्या बैठकीत प्रत्येक सदस्यानं आपल्या डब्यातली मूठभर डाळ आणि हरभरा सोबत आणावा. कोणाच्या मुठीत कीड दिसली तर त्याच आठवड्यात तिचा साठा पुन्हा उन्हात घालायला गटानं हात लावावा.

आपल्या,
पोषण आणि धान्य साठवणूक या विषयांवर गटांसोबत काम करणाऱ्या कार्यकर्त्या